तीन उसन्या आज्या

स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणाऱ्या बाया जगात पुष्कळ असतील. पण तो धोंडा आधी शेजाऱ्यांकडून उसना आणायचा, घासूनपुसून चकचकीत करायचा, आणि मग परदेशी पाहुणीला समोर बसवून तिच्या देखत पायावर घ्यायचा, अशी बाई उंद्रीच्या पंचक्रोशीत तरी मी एकटीच! हसू नका. आधी चहा घ्या, गार होऊन राह्यला. सांगते.

मी बियाण्याच्या कारखान्यात कामाला आहे. कंपनी परदेशी, पण बी निवडणारे हात आमचे. फुटकं-किडकं बाजूला काढायचं, चांगलं पाकिटात भरायचं. हाताला काम सोपं, जिवाला अवघड. कारण हात बियाण्यात आणि जीव घरी! घरी आमचा आरुष, सव्वादोन वर्षांचा. त्याला पाहायला माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. एका डोळ्यात मोतीबिंदू, दोन्ही गुडघ्यांत वात, आणि दुपारी बारा ते तीन त्या या जगातच नसतात, झोपलेल्या असतात. आरुष मात्र जगात असतो. पूर्ण असतो!

मी मुळातच घाबरट. कंपनीच्या बसमध्ये बसले की डोळ्यांसमोर सिनेमाच सुरू होतो. आरुष हौदात, आरुष रस्त्यावर, आरुष म्हशीच्या पायात. आणि एक दिवस खरंच झालं. हौद नाही, म्हैस नाही, त्यानं सोयाबीनचा दाणा नाकात घातला! मी संध्याकाळी पोचेपर्यंत दाणा फुगून हरभऱ्याएवढा झालेला.

"मले वाटलं सर्दी झाली लेकराले," आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी चिमट्यानं दाणा काढला आणि म्हणाले, "अजून दोन दिवस थांबल्या असत्या तर मोड आला असता."

सांगा, आईनं काय करायचं? दुसऱ्याच दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत अर्ज लिहिला: कारखान्यात आमच्या लेकरांसाठी एक खोली द्या, पाळणाघर करा. शाळा माझी सातवीपर्यंतच, पण अक्षर असं की गुरुजी फळ्यावरचा सुविचार माझ्याकडून लिहून घ्यायचे. बावीस बायांनी सह्या केल्या. पहिली सही माझी.

महिनाभर काही नाही. मग एचआर मॅडमनं मला बोलावलं. एचआर मॅडम म्हणजे आमच्या रजा, पगार, भांडणं पाहणाऱ्या बाई. नवीनच होत्या, आणि कागदाबाहेरचं त्यांना काही दिसत नसे.

"वर्षाताई, अर्ज वर गेला. परदेशातून क्लारा मॅडम येणार आहेत. त्या कन्सल्टंट आहेत."

कन्सल्टंट म्हणजे काय, ते मला ज्योतीनं सांगितलं. ज्योती म्हणजे माझ्या शेजारी बसून बी निवडणारी. तिला सगळं माहीत असतं, आणि त्यातलं अर्धं खरं असतं. तर मोठ्या कंपनीचे कारखाने चार देशांत. कुठं ना कुठं कामगार रुसलेले असतातच. ते काऊन रुसले, त्यांना कसं मनवायचं, हे सांगायला कंपनी एक जाणकार माणूस बोलावते. आपल्याकडे लग्नात जावई रुसला की मनवायला एक मामा नसतो का? तसंच. फक्त हा मामा विमानानं येतो.

"त्या एका कामगाराच्या घरी जाऊन परिस्थिती पाहतील," एचआर मॅडम म्हणाल्या. "पहिली सही तुमची, म्हणून तुमच्याच घरी. काही तयारी करू नका. जे आहे ते दाखवा."

जे आहे ते दाखवा! मला सांगा, आपल्याकडे पाहुणे घर पाहायला येतात तेव्हा जे आहे ते कोणी दाखवलंय का कधी? मला पाहायला आले तेव्हा आमच्या दारात दोन म्हशी बांधल्या होत्या, दोन्ही काकांच्या. माझे बाबा माझ्या नवऱ्याचं घर पाहायला आले तेव्हा अंगणात नवी मोटारसायकल उभी होती. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तिचा मालक आला आणि घेऊन गेला! कोणी कोणाला बोललं का? नाही. रीतच आहे.

त्यात बसमध्ये ज्योतीनं माझ्या जिवात आणखी पाल सोडली.

"काय वं वर्षा, ते बाई घर काऊन पाहून राह्यली, समजलं का तुले?"

"परिस्थिती पाहाले."

"डोंबलाची परिस्थिती! घरी लेकरू पाहाले कोनी नाही, हे तिले दिसलं का संपलं. म्हनन, या बाईचं अर्धं ध्यान घरी. काढा हिले."

झालं! आता डोळ्यांसमोर नवा सिनेमा. मी घरी, पगार बंद, आणि आरुष मोठा होऊन विचारतोय, आई, तुझी नोकरी कशी गेली वं? घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं. आमचे हे मालवाहू गाडी चालवतात, एका वाक्यात निकाल लावणारा माणूस.

"सोफा आनतो चुलतभावाचा. कूलर आनतो मामाचा. अजून काय लागते?"

"मानसं लागतात!" मी म्हणाले. "घर भरलेलं दिसलं पाहिजे."

तर आत्याबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "मंग गल्लीतल्या बुढ्या आनू ना. दुपारी रिकाम्याच असतात."

लक्षात घ्या, कल्पना त्यांची होती. पण नाव माझं झालं!

आम्ही तीन जणी ठरवल्या. शेवंताबाई म्हणजे आमच्या ह्यांची आजी, कौसल्याबाई म्हणजे ह्यांची आत्या, आणि मथुराबाई म्हणजे माझी आई, लेकीकडे राहायला आलेली. आत्याबाई आपल्या खऱ्याच. एकूण आज्या चार. मोबदला एक प्लेट पोहे आणि दोनदा चहा. पण नाती वाटायला गेले तर काय गोंधळ!

"मी तुह्या सासूची सासू?" शेवंताबाई भडकल्या. "तिच्या अन् माह्यात आठ वर्साचं अंतर! मी काय आठव्या वर्सी बाळंत झाली का?"

"आजी, ते मॅडमले काय कळते?"

"तिले नाही कळत, पन गल्लीले तं कळते!"

शेवटी पोह्यावर जास्त शेव घालायची कबूल केली तेव्हा त्या आजी झाल्या. मथुराबाईंचा प्रश्न वेगळाच. त्यांची आणि आत्याबाईंची सांडपाण्याच्या नालीवरून तीन वर्षं बोलचाल बंद. मी म्हटलं आता कसं? तर आमच्या ह्यांनी तोडगा काढला, "विहिनी आहेत ना? मंग नका बोलू. उलट खरं वाटन!"

तो दिवस उजाडला. दुपारी कंपनीची पांढरी गाडी दारात आली. अख्खी गल्ली ओट्यावर. क्लारा मॅडम उतरल्या, उंच इतक्या की आमच्या दारातून वाकून आत आल्या. सोबत एचआर मॅडम आणि पुण्याचे एक दुभाषी सर. ते मॅडमचं आम्हाला सांगायचे, आमचं मॅडमना.

आमचे हे सोफ्याकडे हात करून उभे. मॅडम सरळ जाऊन आज्यांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसल्या! सोफा तसाच. यांचा चेहरा असा झाला, जसा त्या सोफ्याचाच अपमान झाला.

"मॅडम विचारतात," दुभाषी सर म्हणाले, "तुम्ही कामावर जाता तेव्हा बाळाला कोण सांभाळतं?"

मी तोंड उघडायच्या आत चार आवाज आले.

"मी!" "मीच!" "मी तं जनमापासून!" "माह्याशिवाय राहतेच कुठं ते!"

मी सांगून ठेवलं होतं, कमी बोला. पण परदेशी बाई वहीत आपलं नाव लिहून राह्यली म्हटल्यावर कोणती बुढी गप्प बसेल?

"सकाळी मी न्हाऊ घालतो त्याले," शेवंताबाई म्हणाल्या.

"अन् मी तेल लावतो," कौसल्याबाई.

"न्हाऊ घातल्यावर तेल?" आत्याबाईंना राहवेना. "अवं तेल आधी लावतात!"

"मी आधी बी लावतो अन् मंग बी लावतो!"

दुभाषी सरांनी सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. मॅडमनं लिहिलं. एचआर मॅडमनं मान डोलावली. आणि आमचा आरुष! सख्ख्या मावशीला पाहून बोंबलणारं पोरगं ते, त्या दिवशी शेवंताबाईंच्या मांडीवर देवासारखं बसलं. त्यांनी त्याच्या तोंडात गुळाचा एवढा मोठा खडा कोंबला होता की रडायला जागाच नव्हती.

तेवढ्यात दारातून एक पोरगी ओरडली, "आजी, घरी चाल ना, दूध उतू गेलं!"

कौसल्याबाईंची नात. त्यांची खरी.

"ही कोण?" दुभाषी सरांनी विचारलं.

"हे बी आमचीच," मी म्हणाले.

मग पोरीला शोधत तिची आई आली. "हे बी आमचीच." तिला शोधत तिचा नवरा आला. "हे बी." असं एकेक करत अर्ध्या तासात मॅडमच्या वहीत आमच्या घरात चौदा माणसं झाली. दोन खोल्यांत! मला वाटलं, आता तरी विचारतील की तुम्ही झोपता कुठं. पण मॅडमचे डोळे भरून आले होते.

"मॅडम म्हणतात, त्या घरी एकट्याच राहतात. त्यांची आई वृद्धाश्रमात आहे. एका बाळाला चार आज्या, इतकी श्रीमंती त्यांनी कोणत्याच देशात पाहिली नाही."

आमच्या चारही बुढ्यांनी पदर डोळ्यांना लावला. मथुराबाई तर हुंदके द्यायला लागल्या, आणि आत्याबाईंनी तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना पाण्याचा पेला दिला! मी आपली मनातल्या मनात खूश. नोकरी वाचली!

आणि मग मॅडमनं वही मिटली, माझ्याकडे पाहिलं आणि एक साधा प्रश्न विचारला.

"मॅडम विचारतात, घरी एवढी माणसं असताना पाळणाघराच्या अर्जावर तुमची पहिली सही कशी?"

मामाच्या कूलरचं पाणी तेवढं ठिबकत राह्यलं.

खरं सांगते, खरं माझ्या जिभेवर आलं होतं. मॅडम, हे सगळं उसनं आहे. ही एकच आजी खरी, ती बारा वाजता झोपते. पोराच्या नाकातून दाणा काढलाय मी. पण समोर चार बुढ्या माझ्याकडे पाहून राह्यलेल्या, दारात गल्ली उभी. भरल्या घरात पाहुण्यांसमोर आपल्याच घराचा पडदा कसा फाडायचा? माझं तोंड आपोआप बोललं.

"ते माझ्यासाठी नाही हो. बाकीच्या बायांसाठी. त्यांच्या घरी कोणीच नाही बिचाऱ्यांच्या."

दुभाषी सरांनी सांगितलं. मॅडम उठल्या आणि त्यांनी मला घट्ट मिठी मारली. एचआर मॅडमनं फोटो काढला. मधे मी, भोवती चार आज्या, मागे रिकामा सोफा.

दोन महिन्यांनी एचआर मॅडमनं कँटीनमध्ये सगळ्यांना बसवून क्लारा मॅडमचा अहवाल वाचून दाखवला. पाळणाघर मंजूर! बायांनी टाळ्यांनी पत्रे उडवले. ज्योतीनं मला उचललं. मी रडले, हसले, परत रडले. एचआर मॅडम म्हणाल्या, "पुढचं ऐका. मॅडम म्हणतात, लेकरं सांभाळायला बाहेरची शिकलेली माणसं आणू नका. गावातल्या अनुभवी आज्या नेमा. आणि सुरुवात वर्षाताईंच्या घरातल्या चार आज्यांपासून करा."

मी टाळ्या वाजवतच होते. हात थांबायला थोडा वेळ लागला.

आठ दिवसांत चारही बुढ्यांना निळे एप्रन आले. कंपनीनं आत्याबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन करून दिलं. त्यांना आता दूरचं सगळं स्पष्ट दिसतं. आणि तिथं दुपारी झोपत नाहीत हो! डोक्यावर कॅमेरा आहे म्हणून टक्क जाग्या. मथुराबाईंसोबत बसमध्ये एकाच सीटवर बसतात, नालीचं नावही नाही.

पाळणाघरात घ्यायच्या लेकरांची यादी लागली. अठरा नावं. मी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. आरुष नाही. तशीच एचआर मॅडमकडे गेले.

"मॅडम, आमचा आरुष राहिला."

"राहिला नाही. नियमच आहे, ज्यांच्या घरी सांभाळायला कोणी नाही त्यांचीच मुलं. तुमच्या घरी चार आज्या आहेत, तुम्हीच सांगितलंत."

"पण त्या तर इथं आहेत!"

"इथं त्या ड्युटीवर आहेत."

"मग घरी कोण?"

एचआर मॅडमनं कागद पाहिला. "चार आज्या."

आता डोकं फोडून घ्यावं की नाही? आणि हे कमी होतं म्हणून की काय, संध्याकाळी तिघी शेजारणी दारात उभ्या. शेवंताबाईंची सून, कौसल्याबाईंची सून, मथुराबाईंची सून.

"वर्षा, उसनं नेलेलं परत करत असतात."

"काय नेलं मी?"

"आमच्या सासवा! आता आमचं लेकरू कोन पाहीन?"

दोन दिवस हे घरी थांबले, तर यांचं गाडीचं भाडं बुडालं. तिसऱ्या दिवशी मला रजा काढावी लागली. आणि सुनांच्या शिव्या खायच्या नव्हत्या, म्हणून त्यांची पोरंही माझ्याच घरी. तिथं अठरा लेकरांना चार बाया, इथं पाच पोरांना मी एकटी! आत्याबाई एप्रन घालून निघताना दारातून सांगायच्या, "नीट ध्यान ठेवजो वं. तुले काही अनुभव नाही."

रजा वाढवायची तर अर्जात कारण लागतं. लेकराला पाहायला कोणी नाही असं लिहावं, तर तिकडे चार आज्यांची नोंद. ताप लिहावा, तर डॉक्टरांचा कागद मागतात. शेवटी मी ते कारण लिहिलं, जे सगळं जग लिहितं. मोबाईलवरच लिहून पाठवलं: माझी आजी वारली, आणखी चार दिवस रजा मिळावी. खोटं नव्हतं म्हणा. माझी आजी वारलीच आहे. मी तिसरीत होते तेव्हा.

मला काय माहीत, क्लारा मॅडमनं जाताना कंपनीला एक नवीन सूचना देऊन ठेवली होती? कामगाराच्या सुखदुःखात कंपनी दिसली पाहिजे! पुढचं सगळं मला ज्योतीनं फोनवर सांगितलं. या वेळी पूर्ण खरं होतं.

एचआर मॅडमनं दुपारी सगळ्यांना कँटीनमध्ये उभं केलं. "आपल्या वर्षाताईंच्या आजी वारल्या. आपण दोन मिनिटं शांत उभं राहू." पाळणाघरातल्या आज्याही आल्या होत्या. शेवंताबाई सगळ्यात पुढे, हात जोडून, डोळे मिटून, चेहरा एकदम दुःखी. बाया एकमेकींकडे पाहून राह्यल्या, कोणाला काही सुधरेना. दोन मिनिटं झाली. शेवंताबाईंनी डोळे पुसले आणि ज्योतीला हळूच विचारलं, "कोन गेलं वं?"

ज्योती म्हणाली, "तुम्हीच, आजी."

संध्याकाळी त्या बसमधून उतरल्या त्या थेट माझ्या दारात. मला वाटलं, आता झिंज्या धरतात. तर म्हणतात कशा, "मारलं तं मारलं. पन माह्या तेरवीच्या जेवनात बुंदी पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी आरुषला कडेवर घेऊन मी एचआर मॅडमपुढे उभी राहिले. आत्याबाई पाठोपाठ आल्या, सून काय बोलते ते ऐकायला. मी सगळं सांगून टाकलं. सोफा, कूलर, पोहे, आज्या. बोलता बोलता रडू फुटलं. मॅडम उठल्या आणि त्यांनी आधी दार लावलं.

"वर्षाताई, हे मी ऐकलं नाही. वर कळलं तर क्लारा मॅडमचा अख्खा अहवाल खोटा ठरेल. पाळणाघर बंद. अठरा लेकरांचं काय करायचं?"

त्या अठरा जणांच्या आया माझ्यासोबत बसतात. त्यांच्याही जिवाचा सिनेमा चालू असायचा, आता कुठं बंद झाला होता.

"मग माझ्या आरुषचं?"

मॅडमनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "निधनाची नोंद वर गेली आहे. चार आज्यांच्या आता तीन झाल्या. पण नियम आहे, घरी एकही नसेल तरच प्रवेश."

"म्हणजे," मी डोळे पुसत विचारलं, "अजून तीन?"

"मी असं काही म्हटलेलं नाही," मॅडम घाईघाईनं म्हणाल्या.

मी मागे वळून पाहिलं. ऑपरेशन झाल्यापासून आत्याबाईंची नजर फार चांगली झाली आहे, आणि ती सगळी माझ्यावर होती.

तेव्हापासून त्या माझ्या हातचा चहा पीत नाहीत. तुम्ही बिनधास्त घ्या, तुमची कुठं नोंद नाही.